आमच्या बूथवरची होडी

आमच्या मतदारसंघाचा इतिहास मला कुणी विचारत नाही, हे एक बरंच आहे. निकालाच्या दिवशी टीव्हीवर कोट घातलेली मुलं तो सांगतात. त्यांच्या लेखी पनवेल म्हणजे एक्स्प्रेसवेला लागण्याआधी वडापाव खायचं ठिकाण. मी तो इतिहास आईच्या गळ्यातून ऐकला आहे. आई आमच्या गावची धवलारीण, म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी आणि तांदळाच्या पिठाचा चौक भरणारी बाई. भटजी नसला तरी लग्न लागतं, धवलारीण नसेल तर लागत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. भटजींनीही याला कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. ही धवलारीण पाच वर्षांतून एकदा, लग्नसराई असो वा नसो, होडीसाठी गायची.

होडी हे आमच्या पक्षाचं चिन्ह. पक्षाचं नाव लांबलचक होतं आणि त्यात विचार वगैरे होता, त्यामुळे गावात ते कुणी घ्यायचं नाही. आमच्या बायकांच्या तोंडी ती ‘होरी’. देव, नवरा आणि होरी या तीन गोष्टींबद्दल लग्न होऊन आलेल्या मुलीला काही विचारायचं नसतं, फक्त सांगायचं असतं, अशी तेव्हाची पद्धत होती.

मी लहान होते तेव्हा आमचा मतदारसंघ म्हणजे भातशेती, मिठागरं, खाडी आणि मधोमध पनवेलचा बाजार. होडीच्या विरोधात उभं राहणं ही तेव्हा समाजसेवा मानली जायची. कुणीतरी करायला हवी, म्हणून छत्रीवाले ती करायचे. छत्रीची माणसं बाजारपेठेतली, पांढऱ्या कपड्यांतली. ती आमच्या गावात प्रचाराला यायची, चहा प्यायची, म्हाताऱ्यांच्या पाया पडायची आणि हरायची. कुणाच्या मनात काही वाईट नसायचं.

आमच्या बायकांना वाचता यायचं नाही, म्हणून मत कसं द्यायचं हे आई शिकवायची. अंगणात लग्नासारखाच पिठाचा चौक भरायची, मधोमध होडी काढायची आणि गाणं म्हणायची. गाण्यात प्रश्न आईचा आणि उत्तर बायकांचं. आई विचारायची, “बाय गो, निशाण कंचा?” आणि सगळ्या मिळून म्हणायच्या, “होरी!” मग विहिणीला घालतात तशा शिव्या छत्रीला घालायच्या. ‘छत्रीला पडली भोका गो, भिजला सारा लोका गो,’ ही त्यातली छापण्याजोगी ओळ. मतदानाच्या सकाळी बायका ठेवणीतली लुगडी नेसून, अंबाड्यात फुलं खोवून, गात गात शाळेपर्यंत जायच्या. शाळेच्या जवळ आलं की पोलीस गाणं बंद करायला लावायचे. बायका गप्प व्हायच्या आणि आत जाऊन मनातल्या मनात म्हणायच्या.

मग जमिनी गेल्या. आमच्या शेताला सेक्टर म्हणू लागले आणि त्याला नंबर मिळाला. भात उगवायचा तिथे इमारती उगवल्या, आणि त्यांत साताऱ्याची, जळगावची, बिहारची माणसं राहायला आली. त्यांतल्याच एका सातारकराशी मी लग्न केलं आणि खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहायला गेले, त्यामुळे मला याबद्दल फार बोलता येत नाही. या माणसांना होडीशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना पाणी हवं होतं. उमेदवार सोसायटीच्या गेटवर येऊन पाण्याचं सांगायचा, ती मत द्यायची, आणि पाणी टँकरनं यायचं. होडी पहिल्यांदा हरली तेव्हा ‘होडी बुडाली’ असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. पुढे ती हरतच राहिली आणि दरवेळी कुणीतरी तोच विनोद नव्यानं सुचल्यासारखा करायचं. मधेच मतदारसंघाच्या हद्दी बदलल्या आणि मामाचं गाव उरणकडे गेलं. आई भाऊबीजेला मतदारसंघ ओलांडून जाऊ लागली. पण आमच्या गावठाणाच्या बूथवर होडीचं लीड कधी चुकलं नाही. बाहेर कुणाचंही राज्य येवो, शाळेच्या त्या एका वर्गात होडीच.

आईला लग्नाची बोलावणी मात्र कमी होत गेली. हळदीला आता डीजे लागतो. धवलारीण असली तर असते, पण माइक तिला दोन गाण्यांपुरता मिळतो आणि तोवर डीजेवाला वायर हातात घेऊन उभा असतो. त्यामुळे काकाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आईच्या अंगात वारं भरलं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. बाबा गेल्यापासून घरातला कर्ता पुरुष, आणि होडीचा बूथ एजंट तर कायमचाच. त्याची ही शेंडेफळ. आमच्या भावकीत त्यानंतर लग्नाचं कुणी उरलेलं नव्हतं. आईनं स्वतःच काकाला बजावलं होतं की या लग्नात डीजे उशिरा लागेल, आधी सगळे धवले पुरे होतील. काकानं मान डोलावली होती. लग्न निवडणुकीनंतरचं धरलं होतं, म्हणजे पुढारी मोकळे असतील.

त्याच निवडणुकीत वरच्या लोकांनी बसून जागा वाटून घेतल्या. आमचा मतदारसंघ छत्रीच्या वाट्याला गेला. होडी आणि छत्रीची युती झाली, आणि होडी मशीनवर असणारच नव्हती. ही बातमी आईला सांगायला काका आला. काकाचा डोळा महापालिकेच्या तिकिटावर, आणि ते तिकीट आता छत्रीवाल्यांना विचारल्याशिवाय मिळणार नव्हतं.

“वैनी, आता छत्रीचा गाना करायला लागल,” काका म्हणाला.

“छत्रीचा गाना मना येतो,” आई म्हणाली. “जनमभर तोच गातंय.”

“तसा नाय. चांगला गाना.”

आईनं काकाचा रिकामा कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाली, “बरं.” पक्षानं सांगितलंय म्हटल्यावर तिच्यापुढे दुसरा रस्ता नव्हता. पक्ष हा शब्द तिनं कधी उच्चारला नसेल, पण पाळला मात्र सगळ्यांत जास्त तिनंच.

गाणं तिनं केलं. चाल जुनीच ठेवली, शब्द बदलले. छत्रीच्या उमेदवाराची सभा आमच्या गावाशेजारच्या मैदानात झाली तेव्हा बायका पुढे बसल्या होत्या. आईनं माइक घेतला आणि विचारलं, “बाय गो, निशाण कंचा?” बायका एका सुरात म्हणाल्या, “होरी!” आईनं परत विचारलं. परत होरी. तिसऱ्या वेळी आईनंच विचारलं, आईनंच ‘छत्री’ म्हटलं आणि ती खाली बसली. उमेदवार बाजारपेठेतला. त्याला वाटलं हे खाडीकाठचं काहीतरी सांस्कृतिक आहे, त्यानं उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका घाम पुसत होता.

दुसऱ्या दिवशी आईनं बायकांना बोलावून न गाता सांगितलं, “मशीनवर होरी नाय. शोधू नका. छत्री दाबा नि भायेर या.” बायकांनी ऐकून घेतलं. एकीनंही वाद घातला नाही, आणि खरं तर तिथंच आम्हाला संशय यायला हवा होता.

मतदानाच्या दिवशी मीही रांगेत होते. माझं नाव अजून माहेरच्या यादीत आहे, बदलून घ्यायचं राहून गेलंय. लुगडी नेसलेली होती, फुलं होती, गाणं नव्हतं. आई नेहमीप्रमाणे पहिली आत गेली आणि दाढ काढून आल्यासारखं तोंड करून बाहेर आली. तिच्यामागून एकेक बाई आत जायला लागली, आणि बाहेर येताना प्रत्येकीच्या तोंडावर हसू. एक तर पदरात तोंड लपवून हसत होती. आईला ते बघून रागच आला असावा. छत्रीला मत द्यायचं आणि वर हसायचं म्हणजे काय, असं तिचं तोंड झालं होतं.

परतताना शेजारची म्हातारी आईच्या कानाशी लागली. “आपली होरी होती की गो! पार खाली होती. भरलेली. आत माणसा बसलेली.”

आई रस्त्यात थांबली. मागच्या बायका तिच्याकडे बघत होत्या, शाबासकी मिळायची वाट बघत असल्यासारख्या. आई म्हणाली, “होय तर,” आणि चालू लागली.

मला वाचता येत असल्यामुळे ती काय होती हे मला ठाऊक होतं. यादीत तळाला एक अपक्ष होता, त्याचं चिन्ह कलिंगडाची फोड. काळ्या रेघांनी काढलेली, खाली गोलाकार, वर सपाट, आणि आत ओळीनं बिया. होडी बघायची सवय असलेल्या डोळ्यांना बिया म्हणजे माणसं दिसणारच. पुढारी सकाळी एक बोलतात नि संध्याकाळी दुसरं, हा बायकांचा जन्माचा अनुभव होता. नाही नाही म्हणत होडी आणलीच शेवटी, असं समजून सगळ्यांनी आनंदानं तिच्यावर बोट ठेवलं होतं. मशीनशेजारच्या काचेत चिठ्ठी दिसते, तीत पुन्हा होडी दिसली, तेव्हा तर खात्रीच पटली.

त्या दुपारी आईनं जेवायला घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, “मी खाली बगलंच नाय. छत्री दिसली नि डोले मिटून दाबली.”

“आई, ती होडी नव्हतीच. कलिंगड होतं.”

“त्यांना होरी दिसली ना?”

“दिसली.”

“मना नाय दिसली,” आई म्हणाली. कलिंगडाचा मुद्दा तिच्या लेखी तिथं संपला.

निवडून तिसराच आला. त्याबद्दल कुणाला काही वाटायचं कारण नव्हतं, तो येणारच होता. पण बूथवार आकडे फोनवर फिरायला लागले आणि आमच्या बूथवर पहिला आलेला उमेदवार बघून काकाला खुर्ची द्यावी लागली. सबंध मतदारसंघात त्या अपक्षाला त्याच्या नातेवाइकांनीही नीट मतं दिली नव्हती. आमच्या शाळेच्या वर्गात मात्र त्याचं लीड होतं. छत्रीवाले काकाला विचारू लागले की हे काय. होडीवाले तर थेट म्हणाले की तुमची धवलारीण फुटली. मतं विकली असंही कुणीतरी म्हणालं. मी असते तर त्याच्या तोंडावर काय ते बोलले असते, पण असली वाक्यं आपण नसतानाच म्हणायची रीत आहे.

एवढ्यावर निभावलं असतं, पण तो अपक्ष आभार मानायला आला. उरणकडच्या द्रोणागिरीच्या गोदामांकडे त्याचे ट्रेलर चालायचे, आणि तिथल्या खड्ड्यांवर चिडून, चुकीच्या मतदारसंघातून, तो उभा राहिला होता. भला माणूस होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुठेतरी पहिला आला होता. टेम्पो भरून कलिंगडं घेऊन आला. बायकांची म्होरकी कोण म्हणून त्यानं विचारलं, कुणीतरी आईकडे बोट दाखवलं, आणि त्यानं सगळ्यांदेखत आईच्या पायांवर डोकं ठेवलं. आईच्या हातात कुणीतरी फोड दिली होती. तो फोटो संध्याकाळपर्यंत पनवेलभर झाला. आपण मत कुठल्या चिन्हाला दिलं हे बायकांना त्या दिवशी कळलं. त्यांनी कलिंगड खाल्लं आणि म्हणाल्या, “तेचं नाव काय बी असल, आमी होरीलाच दिलं.”

काकानं आईशी बोलणं बंद केलं. मग निरोप आला की लग्नाला खाडीपलीकडची धवलारीण सांगितली आहे. कारण उघड होतं. हळदीला छत्रीवाले येणार, होडीवाले येणार, तिकिटाचं बोलणं व्हायचं, आणि मांडवात समोर माइक घेऊन कलिंगडवाली बाई. आईनं निरोप ऐकला आणि भांडी घासायला बसली. घासलेलीच भांडी होती ती.

मला काकाचा संताप आला होता. मी आईला म्हटलं, सांगून टाक ना खरं काय ते. तू तर छत्रीलाच दिलंस. अख्ख्या बायकांत पक्षाचं ऐकलं ते तू एकटीनं, आणि शिक्षा तुलाच? आईनं मला चूप बस म्हणून सांगितलं, म्हणजे मी चूप बसले. पन्नाशी ओलांडली तरी त्यात फरक पडलेला नाही.

काकाही अगदीच दगड नव्हता. लग्न जवळ आलं तसं त्याच्या मुलीनं घरात तोंड फिरवलं, काकूनं स्वयंपाकघरात भांडी आदळली, आणि शेवटी तो आला. गावठाणात आता आमची बिल्डिंग आहे, खालच्या पार्किंगमध्ये गावातल्या बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. काकाकडे बसून निवडायचे तांदूळ त्या आमच्याकडे घेऊन आल्या होत्या. बायकांना एवढंच करता येण्यासारखं होतं, ते त्यांनी केलं होतं. काकाबरोबर छत्रीचा एक माणूसही होता, पांढऱ्या कपड्यांतला.

“वैनी,” काका सगळ्यांसमोर म्हणाला, “मना फक्त एक सांग. तू सोता मत कोनाला दिलंस? छत्रीला दिलंस एवरं बोल. बायकांचं मी बगून घेतो, अडानी हायत, चुकल्या. तू बोल नि उद्या चौक भरायला ये.”

मला हायसं वाटलं. कधी नव्हे ते खरं बोलून काम होणार होतं. आईला काही जुळवायचं नव्हतं, कुणाची शपथ घ्यायची नव्हती. जे केलं ते सांगायचं, नि मांडवात जायचं.

तांदूळ निवडणारे हात थांबले होते. शेजारची म्हातारी आईकडे बघत होती. आईनं सूप खाली ठेवलं.

“होरीला,” आई म्हणाली. “यांनी दिलं तेलाच मी दिलं. पयलं मत माजं.”

बायका हसल्या. एकीनं टाळी दिली. छत्रीचा माणूस काकाकडे बघायला लागला. काका म्हणाला, “मंग मी तरी काय करू,” आणि निघून गेला.

बायका गेल्यावर मी आईवर ओरडले. खोटं बोलायला हेच सापडलं का, म्हटलं. तुझ्याच घरचं लग्न, शेवटचं लग्न, आणि एक खरा शब्द तुझ्या तोंडून निघेना?

आई तांदळाचं पोतं शिवत होती. “त्या जनमभर माजं आयकत आल्या,” ती म्हणाली. “होरी होरी मीच शिकवली त्यांना. आता त्यांच्या तोंडावर सांगू काय, तुमी होरीत राहिलात नि मी उतरले?”

मी पोत्याचं दुसरं टोक धरून बसले.

हळदीच्या संध्याकाळी तिला मी माझ्याकडे खांदा कॉलनीत घेऊन आले. गावठाण रस्त्यापलीकडेच, त्यामुळे लाउडस्पीकरपासून सुटका नव्हती. खाडीपलीकडची बाई गायला लागली तेव्हा आईनं मला टीव्ही लावायला सांगितलं. कुठलीतरी मालिका लागली. “मोठा कर,” म्हणाली. केला. “आजून मोठा कर.” शेजाऱ्यांनी दार वाजवलं तर काय सांगायचं या विचारात मी तोही केला. तिला ते धवले ऐकवत नसतील, मी समजले, आणि मला फार वाईट वाटलं.

चहा घेऊन बाहेर आले तर ती टीव्हीकडे पाठ करून गॅलरीच्या दारात बसली होती. हात मांडीवर हलत होता, चौकाच्या रेघा ओढल्यासारखा. मी अगदी जवळ गेले तेव्हा कळलं. टीव्हीच्या आवाजाखाली आई गात होती, लाउडस्पीकरच्या अर्धी ओळ पुढे.